क्लब पातळीवर टेबल टेनिस खेळायला कोणतं कार्बन ब्लेड (रबराखालची लाकडी फळी) आणि कोणती रबरं घ्यावीत?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय, तुमचा फोरहँड लूप (जोरदार टॉपस्पिनचा फटका) बसलाय, बॅकहँडला नुसता ब्लॉक होतो आणि पाच थरांचं लाकडी ब्लेड आता हळू वाटतं. मग बटरफ्लायचं व्हिस्कारिया नको, त्यांचंच इनरफोर्स लेयर एएलसी घ्या. धागा दोन्हीत तोच, आरिलेट-कार्बन. पण व्हिस्कारियात तो वरच्या कोटो लाकडाच्या पापुद्र्याखाली लगेच असतो, नुसता स्पर्श झाला तरी चेंडू उडतो. इनरफोर्समध्ये तो आत, किरी लाकडाच्या गाभ्याला लागून. पुश करताना (चेंडू खालून हलकेच कापून परत देताना) हाताला लाकूडच जाणवतं, जोरात मारलं की कार्बन जागा होतो.

खरं तर मी लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळे: "क्लबमधले सीनियर म्हणतात, कार्बन आपल्यासारख्यांना झेपत नाही." असा एक सीनियर माझ्या माहेरीच आहे. दादा. स्पीड ग्लूच्या, म्हणजे रबर जास्त उसळवणाऱ्या गोंदाच्या काळातला माणूस. २००८ मध्ये ते बंद झालं तेव्हापासून त्याच्या मते खरं टीटी संपलं. मी कार्बन घेतलं तेव्हा म्हणाला, "बायकांना ऑलराउंड लाकडी ब्लेड पुरे. त्या प्लास्टिकवर काय टच येणार?" अरे, नियमानंच ब्लेडच्या जाडीत ८५ टक्के लाकूड लागतं! पटेना. स्वतः मात्र व्हिस्कारियाला दोन्हीकडून टेनर्जी ०५ हे वेगवान रबर लावून मिरवायचा.

मग पार्ल्याच्या आमच्या क्लबची अंतर्गत स्पर्धा आली. जुलै महिना, हॉलला एसी नाही, बाहेर धो धो आणि ड्रॉमध्ये भाऊ-बहीण समोरासमोर. मुंबईच्या पावसाळ्यात खेळलेल्याला सांगायला नको, रबर दमट झालं की लूपचा चेंडू घसरून सरळ जाळीत. दर सहा पॉइंटनंतर टॉवेल घेता येतो. मी दर वेळी घाम आणि रबर दोन्ही पुसत होते. दादा टॉवेलला हात लावेना, कारण टॉवेल घेणं म्हणजे दमल्याची कबुली. ३-१ हरला. वर म्हणतो, "कार्बननं जिंकवलं तुला." म्हणजे घेताना झेपणार नव्हतं आणि जिंकल्यावर सगळं त्यानंच केलं!

म्हटलं, बॅटी बदलू. माझ्या बॅटीवर त्याचे ब्लॉक जाळीच्या अलीकडेच पडायला लागले. त्याच्या बॅटीवर माझे पहिले पुश हातभर उंच उडाले, मग मी स्विंग कमी केला आणि नुसती अडवत राहिले. तोही गेम त्यानं घालवला. वहिनी बाकावरून म्हणाली, "आता टेबल बदलून बघा."

हां, रबरं. फोरहँडला राक्झा ७, बॅकहँडला व्हेगा युरोप. मऊ आहे, ब्लॉकला चेंडू जरा रुततो. रबराखालचा स्पंज बॅकहँडला २.० मिमी बास. मॅक्सचा, म्हणजे सर्वात जाड स्पंजचा हट्ट फोरहँडपुरता ठेवा. पाकिटावरच्या कडकपणाच्या डिग्र्या कंपन्या-कंपन्यांमध्ये ताडून बघू नका: टेनर्जी ०५ वर ३६ वाचून ते मऊ समजाल, तसं नाही, ते माप बटरफ्लायचं स्वतःचं, जर्मन आणि चिनी मापं वेगळी. हरिकेन ३ कुणी कितीही गळ्यात मारो, अख्खं अंग वळवून मारत नसाल तर त्या चिकट रबरातून चेंडूला वेग मिळत नाही. ब्लेड ८५ ते ८८ ग्रॅमच्या आसपासचं मागा, धोबीतलावला दुकानात वजन करून घ्या, लाजू नका. रबरं लावल्यावर बॅट दुपटीहून जड होते. आणि पावसाळ्यात घरी चिकटवणार असाल तर पाण्यातल्या ग्लूचा पांढरेपणा पूर्ण जाईपर्यंत थांबा, वेळ लागतो.

दोन्ही बाजूंनी टेबलाजवळून टॉपस्पिन मारणाऱ्याला व्हिस्कारियाच योग्य, हे मान्य. आणि दादाचा गुडघा त्या वर्षी दुखत होता. हे इथेच लिहून टाकते, म्हणजे खाली प्रतिक्रियांत येऊन त्याला ती सबब सांगता यायची नाही.