जागा नाही म्हणून नाव गाळू नका

श्वान-प्रशिक्षणाच्या कार्यशाळेत शिकलेली पद्धत आपल्या ग्राहकांच्या पत्रकात घेताना शिकवणाऱ्याचे नाव द्यावे, की ‘हे आता सगळेच करतात’ म्हणून सोडून द्यावे, असे आपण विचारले आहे. माझीच जुनी अडचण समोर उभी राहिली, म्हणून सविस्तर लिहीत आहे. दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा उचलू नये, हे आपणास ठाऊक असेलच.

कुत्र्याला नखे कापून घेण्याची सवय लावण्याविषयी मी एक पत्रक केले होते. घडी घातलेल्या टॉवेलवर कुत्र्याने हनुवटी टेकवायची, ती टेकलेली असेपर्यंतच पंजाला हात लावायचा आणि त्याने मान उचलताच हात मागे घ्यायचा, हा क्रम मला एका ज्येष्ठ प्रशिक्षिकेने शिकवला होता. पहिल्या मसुद्यात तळाशी त्यांचे नाव होते. मजकूर एका पानात बसेना, तेव्हा मी नेमकी तीच ओळ काढली. पुढे एका प्रशिक्षण संस्थेने ते पत्रक माझ्या नावावर आपल्या अभ्यासक्रमात छापले. दुरुस्तीसाठी मी तीनदा पत्र लिहिले. ‘कल्पनेवर कॉपीराइट नसतो, सबब बदलाची आवश्यकता नाही’ एवढेच उत्तर आले. मी वकील नाही, पण कॉपीराइट मांडणीला असतो, कल्पनेला नसतो, हे मलाही माहीत होते. माझी विनंती कायद्याबद्दल नव्हतीच. दरम्यान एका नव्या विद्यार्थिनीने त्या बाईंनाच विचारले, की हा क्रम तुम्ही त्या पत्रकातून घेतला का. त्यानंतर त्यांनी मला शिकवणे थांबवले, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

‘सगळ्यांचेच आहे’ हा युक्तिवाद मला पटत नाही. क्लिकरचेच, म्हणजे प्राण्याने बरोबर कृती केली तो क्षण ‘टिक’ आवाजाने दाखवणाऱ्या छोट्या साधनाचेच पाहा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१ मधल्या लेखात प्राण्यांना शिकवण्यासाठी टिकटिक वाजणारे खेळणे सुचवले होते. त्यांच्याकडे शिकलेल्या केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी १९४० च्या दशकातच प्राणी-प्रशिक्षणाचा व्यवसाय स्किनर यांच्या तत्त्वांवर उभारला होता. प्राणी-प्रशिक्षिका कॅरेन प्रायर यांनी ते तंत्र पुढे घरोघरच्या कुत्रापालकांपर्यंत नेले. तरीही आपल्यातले बरेच जण शेवटचेच नाव घेतात.

मूळ कोणाचे हे कळत नसेल, तर ‘मी हे अमुक यांच्याकडून शिकलो’ एवढे प्रामाणिकपणे लिहावे. ‘मूळ पद्धत अमुक यांची’ असे खात्रीशिवाय लिहू नये. आपण एखादी पायरी बदलली असेल, तर तेही सांगावे, नाहीतर आपल्या बदलाचा दोष त्यांच्या माथी जातो. काहींना बदललेल्या पद्धतीशी आपले नाव जोडलेले आवडत नाही, म्हणून आधी विचारून घेणे मला योग्य वाटते. शिकतानाच वहीच्या समासात तारीख आणि नाव टिपून ठेवले, तर पुढे आठवणीवर विसंबावे लागत नाही.

नाव त्या पायरीशेजारीच द्या. आणि पानावर जागा कमी पडलीच, तर चित्र लहान करा.