तिसरा ड्रॉप नेमका कोणासाठी?

पत्र (थोडक्यात): मुलाने बारावीनंतर दोन ड्रॉप घेतले, म्हणजे दोन वर्षं फक्त तयारी केली, आणि ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दोनदा दिली. दुसऱ्या वेळी गुण आणखी घसरले. त्या परीक्षेच्या चार महिने आधी त्याची आई किडनीच्या आजाराने गेली. तिच्या डायलिसिसला, दवाखान्यात रात्री थांबायला तोच असायचा. आता समजलं की मला न सांगता त्याने बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिली आहे आणि गुणही चांगले आहेत. त्याने डॉक्टर व्हावं हे आईचं स्वप्न होतं. मुलींच्या वर्गात हा एकटा मुलगा, त्यात दोन वर्षांनी मोठा. तिसऱ्या ड्रॉपसाठी त्याला कसं तयार करू? (एक वडील)

उत्तर: करू नका.

तुमच्या मूळ लांबलचक पत्रात नीटच्या गुणांचा उल्लेख एकदा येतो, ‘आईचं स्वप्न’ वारंवार. मला काळजी वाटते ती याची. आई समोर असती तर मुलगा तिच्याशी भांडला असता, ‘मला नाही जमत’ म्हणाला असता, कदाचित तिने ऐकलंही असतं. आता तो कोणाशी बोलणार? तुम्ही ‘तिचं स्वप्न’ म्हणता तेव्हा त्याला ऐकू येतं की तू नापास झालास म्हणून तिचं राहून गेलं. घसरलेल्या गुणांवरून त्याची कुवत ठरवू नका. आई जाऊन चार महिने झालेल्या मुलाने तो पेपर दिला, एवढंच त्यातून कळतं. तुमचंही दुःख मोठं आहे, पण ते त्याच्या अर्जातून फेडून घेऊ नका.

नीटला सध्या कमाल वयाची अट नाही, प्रयत्नांची मर्यादाही नाही. ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ हा धाक खोटा आहे.

मोठा गैरसमज दुसराच आहे. डॉक्टर होता आलं नाही म्हणून नर्सिंग, असं तुम्ही धरून चाललात. नर्सिंग हा स्वतंत्र व्यवसाय आहे. चार वर्षं, आठ सत्रं, शेवटचं सत्र इंटर्नशिप आणि मग राज्याच्या परिचर्या (नर्सिंग) परिषदेकडे नोंदणी. औषध डॉक्टर लिहितो. पण रात्री तीनला रुग्णाची लघवी कमी झालीये, श्वास वाढलाय हे पहिल्यांदा टिपते ती नर्स. आईजवळ बसून तुमचा मुलगा नकळत हेच करत होता. मुलांना प्रवेश असतो. अडचणी आहेत, त्या माहीत असू द्या. लष्करी नर्सिंग सेवेचा बीएस्सीचा मार्ग फक्त मुलींसाठी आहे आणि एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत 80 टक्के जागा महिलांसाठी आहेत. म्हणजे तो अल्पसंख्येतच राहील. ते लपवून किंवा हसण्यावारी नेऊन चालणार नाही.

हे उपरेपण रोजच्या कामात कसं भेटतं, ते त्याला आधीच सांगा. नातेवाईक त्याला कधी वॉर्डबॉय समजतील, कधी ‘डॉक्टर’ म्हणतील. दुसरी हाक जास्त बोचेल, पण तिथल्या तिथे ‘मी नर्सिंगचा विद्यार्थी’ असं सांगायचं, नाहीतर लोक त्यालाच औषधाचा डोस विचारू लागतात. पुरुष रुग्णाला कॅथेटर (लघवीची नळी) घालायचा किंवा कोणाला उचलायचं असलं की हाक त्यालाच येणार. त्यात दिवस जातो आणि लॉगबुकमधल्या, म्हणजे शिकलेल्या कामांच्या नोंदवहीतल्या, बाकीच्या नोंदी रिकाम्या राहतात. दर आठवड्याला लॉगबुक घेऊन शिक्षिकेकडे जायचं आणि राहिलेल्या गोष्टी मागून घ्यायच्या. शेवटच्या दोन वर्षांत प्रसूतिकक्ष येतो. एखादी रुग्ण ‘मुलगा नको’ म्हणेल. तो तिचा हक्क आहे, वाद घालायचा नाही. बाहेर येऊन शिक्षिकेला सांगायचं, दुसरी केस मागायची, आणि तपासणीच्या वेळी सोबत स्त्री सहकारी असलीच पाहिजे. वर्गात ‘दोन वर्षं काय केलंस?’ हा प्रश्न येणारच. ‘नीट दिली, आई आजारी होती, ती गेली’ एवढं पुरे. लपवाछपवी केली की तोच विषय वर्गभर फिरतो.

माझी एक शंका मात्र आहे. हा निर्णय त्याचा आहे की त्याच्या दुःखाचा? आईची सेवा करणं आणि अनोळखी, चिडलेल्या, उपकार न मानणाऱ्या माणसाची करणं यात फरक आहे. प्रवेशासाठी कॉलेजचे विकल्प भरण्याआधी त्याने एखाद्या पुरुष नर्सशी तासभर बोलावं, रात्रपाळीबद्दल खोदून विचारावं. आई गेली त्या दवाखान्यात यासाठी जाऊ नये. प्रवेश घेतला तर पहिल्याच महिन्यात वर्गशिक्षिकेला सांगून ठेवावं, म्हणजे डायलिसिस कक्षातली ड्यूटी पुढे ढकलता येते का ते बघतील. ते यंत्र पाहून तो कोलमडला तर त्याला कमकुवत म्हणू नका. झोप, जेवण, बोलणं तुटलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास लागतो. तुम्हीही लावा.

कॉलेज निवडताना भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत यंदाच्या वर्षासाठी नाव आहे का, राज्य परिषदेची मान्यता आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे का, हे पाहा. मग सकाळच्या वेळी त्यांच्या रुग्णालयात जाऊन खाटांवर खरोखर रुग्ण आहेत का ते बघा. रिकाम्या वॉर्डात नर्सिंग शिकता येत नाही, मग इमारत कितीही चकचकीत असो.

आणि शिक्षणातल्या दोन वर्षांच्या खंडाचं शपथपत्र कागदपत्रं तपासायच्या दिवशी शोधत बसू नका, या आठवड्यातच करून ठेवा. त्यावर सही त्याची असेल, पण तहसील कार्यालयात त्याच्यासोबत तुम्ही जा.