खिचडी की पुलाव?

हडपसरहून एका २४ वर्षांच्या मुलीनं लिहिलंय: "मावशी, काल रात्री जेवण मागवायला फोन हातात घेतला आणि पाऊण तास नुसती यादी वरखाली करत बसले. शेवटी दूध-बिस्किटं खाऊन झोपले. कुर्ता घ्यायचा तर ट्रायल रूममधून लातूरला ताईला फोटो, मग आईला, मग मैत्रिणीला. ऑफिसचं काम नीट करते, पण हे जमत नाही. मी बावळट आहे का?"

अगं, बावळट माणूस झटक्यात ठरवतो, त्याला पुढचं दिसतच नाही! तुला नको इतकं दिसतं. खिचडी बेचव निघाली तर? पुलाव बाधला तर? धास्तावलेल्या मनाला बेचव खिचडी चालते, पण ती कशी निघेल हे आधी ठाऊक नसणं सोसत नाही.

फोन बाजूला टाकलास तेव्हा हुश्श झालं ना? तिथंच गोम आहे. टाळलं की सुटल्यासारखं वाटतं, मनाला त्याची चटक लागते आणि उद्याची निवड आणखी जड होते. ताईच्या "छान आहे"चंही तसंच. दहा मिनिटं बरं वाटतं, मग आईला फोटो जातो.

१९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले हर्बर्ट सायमन सांगायचे, की माणूस सगळे पर्याय तपासत बसत नाही, भागेल असा सापडला की थांबतो. तुझी आई मेथी घेताना हेच करते. दोन-तीन जुड्या उलटल्या, बरी दिसली, पिशवीत टाकली.

या आठवड्यात भागेल असं पहिलं दिसेल ते मागव आणि अ‍ॅप बंद कर. धाकधूक होईल, होऊ दे, जेवण येईपर्यंत बरीचशी ओसरते. एक कुर्ता कुणालाही न विचारता घे. नाही आवडला तर घरात घाल. ताईला आधीच सांगून ठेव, फोटो आलाच तर "तूच ठरव" एवढंच लिहायचं.

मात्र झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, साधा मेल पाठवायलाही तास लागत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. कुठला डॉक्टर यावरच तू महिना घालवशील, म्हणून नंबरच देते: १४४१६, टेली-मानस ही मनाच्या आरोग्याची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

कुर्ता घेतलास की कळव. फोटो पाठवू नकोस.