मारुती 800 चा मीटर काढताना केबलशी झटापट नको

जुन्या 800 च्या मीटरमध्ये रात्री उजेड पडत नाही, मीटर घरीच कसा काढायचा, असं तुम्ही विचारलंय. आधी मागचे टेललॅम्प लागतात का बघा. तेही बंद असतील तर बहुतेक फ्यूज गेलाय, मीटर खोलायची गरजच नाही.

टेललॅम्प लागत असतील तर 10 नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा. मग मीटरभोवतीच्या कव्हरचे स्टार स्क्रू काढा. कव्हर अडलं तर एखादा स्क्रू राहिलाय असंच समजा. उन्हाने कडक झालेलं प्लॅस्टिक ओढलं की तडकतं.

आता मीटरचे स्क्रू. ते सुटले की मीटर चार बोटं पुढे येतो आणि थांबतो. त्याला मागून स्पीडोमीटरची केबल धरून ठेवते, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. हिसका देऊ नका. बोनेट उघडून फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) केबल जमेल तेवढी आत सरकवा. तरी ढील पुरली नाही तर केबलचं गिअरबॉक्सकडचं टोक मोकळं करा. मग मागे हात घालून केबलच्या तोंडाचं लॉक दाबायचं आणि सरळ मागे ओढायचं. कप्लरही (तारांचा प्लग) लॉक दाबूनच काढा, तारांना धरून कधीच नाही.

मीटरच्या पाठीवर तांब्याच्या पट्ट्यांची पातळ फिल्म असते. बल्बचे होल्डर हलक्या हाताने फिरवून काढा. पट्टी तुटली की तिच्यावरचा दिवा किंवा काटा बंद. बल्ब तेवढ्याच वॅटचा घ्या, जास्त वॅटच्या उष्णतेने प्लॅस्टिक वितळतं. साध्या बल्बऐवजी एलईडी बसवलात आणि तो लागला नाही तर उलटा करून बघा. चार्जिंगच्या दिव्याला मात्र साधा बल्बच ठेवा. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्याच बल्बातून जातो, एलईडीने तो पुरत नाही आणि बॅटरी चार्ज व्हायची राहू शकते.

काटा थरथरत असेल तर केबलच्या आतली तार ओढून पुसा आणि ग्रीस लावा, पण मीटरकडची वीतभर तार कोरडी सोडा. तिथलं ग्रीस वर चढून मीटरात शिरतं आणि काटा अडकतो.

बसवताना केबलचं चौकोनी टोक मीटरच्या खाचेत नीट बसू द्या, नाहीतर गाडी चालते आणि काटा शून्यावरच राहतो. स्क्रू आवळण्याआधी बॅटरी जोडून किल्ली ऑन करा: ऑइल आणि चार्जिंगचे दिवे लागले पाहिजेत, पार्किंग लाइट लावल्यावर मीटरचा उजेडही.