फॉर्म भरण्याआधी एवढं वाच

पोरी,

तुझा व्हॉट्सॲपवरचा भलामोठा मेसेज वाचला, उत्तर टाईप करायला घेतलं तर ते लांबतच चाललं, म्हणून हे पत्रच समज. तुझे दोन प्रश्न आहेत. व्हेटर्नरीला पहिला प्रेफरन्स कुठलं कॉलेज टाकू, आणि पप्पा म्हणतात एमबीबीएस नाही लागलं म्हणून काय ढोरेसना डाक्टर व्हायचं का. पप्पांचं माझ्यावर सोड, त्यांची जाफराबादी म्हैस रात्री दोन वाजता अडली होती तेव्हा त्यांनी कुठल्या डाक्टरला फोन लावला ते मी त्यांना आठवण करून देईन.

कॉलेजचं सांगायचं तर आधी एक गोंधळ काढून टाक. तू लिहिलंस "नागपूर युनिव्हर्सिटी का परभणी युनिव्हर्सिटी". तसं नाहीये. विद्यापीठ एकच, माफसू, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, ऑफिस नागपूरला. त्यात तीन विद्याशाखा, पशुवैद्यक, दुग्ध तंत्रज्ञान आणि मत्स्य. आपली पशुवैद्यक विद्याशाखा काही एका बिल्डिंगमध्ये नाही, ती मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशी राज्यभर पसरलेली आहे, अकोल्याला पीजी इन्स्टिट्यूट. सगळ्या शाखेचा डीन म्हणजे अधिष्ठाता वेगळा, आणि तुझ्या कॉलेजात केबिनमध्ये बसणारे ते सहयोगी अधिष्ठाता. हॉस्टेलच्या पाण्याची तक्रार त्यांच्याकडे, डिग्रीचा कागद नागपूरहून. आणि शिकवायचं काय, किती तास, किती मास्तर पाहिजेत, दवाखाना कसा पाहिजे हे दिल्लीची व्हेटर्नरी कौन्सिल ठरवते, १९८४ च्या कायद्याने. त्यामुळे सिलॅबस सगळीकडे तोच, साडेपाच वर्षं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप.

हे सगळं आधी असं नव्हतं बरं. माझ्या डिग्रीवर मराठवाडा कृषी विद्यापीठाचा शिक्का आहे, कारण माफसू २००० साली झालं, त्याआधी ही कॉलेजेस कृषी विद्यापीठांखाली होती. गावातले लोक तो कागद बघून म्हणायचे, "म्हणजे तुम्ही शेतीवाले?" आणि खरं सांगू, आम्हालाही कधीकधी सावत्र पोरासारखं वाटायचं, कापूस-ज्वारीच्या घरात ढोरांकडे कोण बघणार. वेगळं विद्यापीठ झालं ते बरं झालं असं माझं मत, माझ्या काही बॅचमेट्सचं उलट आहे, ते म्हणतात शेती आणि जनावर तोडायलाच नको होतं. त्यांचंही अगदीच चूक नाही, चाराच नसला तर कसलं पशुवैद्यक.

सगळ्यात जुनं कॉलेज मुंबईचं, परळचं, १८८६ चं. बाई साकरबाई पेटिट या जनावरांच्या हॉस्पिटलच्या शेजारी ते सुरू झालं, पेटिट हे पारशी दानशूर घराणं, म्हणजे आधी आजारी जनावरं आणि मग विद्यार्थी, हा क्रम लक्षात ठेव, पुढे कामाला येईल. त्याच्या चार वर्षं आधी लाहोरला निघालं होतं. इंग्रजांना एवढा पुळका कशाचा, तर पलटणीचे घोडे आणि बुळकांडी, म्हणजे गुरांचा जीवघेणा साथीचा रोग. बुळकांडी तू बघितली नाहीस, मीही नोकरीत कधी बघितली नाही, पण माझे आजोबा सांगायचे की गोठेच्या गोठे आठ दिवसात मोकळे व्हायचे, पेरणीला बैल उरायचा नाही. त्याच्यासाठी पुण्यात १८८९ ला लॅब निघाली, ती नंतर मुक्तेश्वरला हिमालयात नेली. २०११ ला जगातून हा रोग संपल्याचं जाहीर झालं, देवीनंतर माणसाने मुळापासून उपटलेला हा दुसराच रोग. तुला नावं ठेवणाऱ्यांना हे ऐकव.

आता विभाग. पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत, मेलेली जनावरं टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनने डोळे जळतील आणि तुला वाटेल मी इंजेक्शन द्यायला कधी शिकणार. गाय नीट पाठ झाली की मग घोडा, कुत्रा, कोंबडी, गायीपेक्षा कुठे वेगळे ते. तुझ्या एमबीबीएसवाल्या मैत्रिणीला एकच प्राणी असतो, तिला सांग. मेडिसिन, सर्जरी, गायनॅक हे खरे हिरो विभाग असं सगळी पोरं धरून चालतात, मीपण धरलं होतं. मायक्रोबायोलॉजी, पॅथॉलॉजी, पब्लिक हेल्थ म्हणजे पास होण्यापुरतं. एक्स्टेन्शनच्या, म्हणजे शेतकऱ्याला समजावून सांगायच्या विषयाच्या, तासाला तर मी मागच्या बाकावर झोपायचो.

मग २००६ चा फेब्रुवारी आला, नवापूर. देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या खान्देशात निघाला. आम्हाला पांढरे सूट घालून पोल्ट्रीत उतरवलं, लाखो कोंबड्या मारून पुरल्या, आणि तिथे माझी सर्जरी काय कामाची होती? सॅम्पल कसं घ्यायचं, भोपाळच्या लॅबला कसं पाठवायचं, किती किलोमीटरचा घेरा बंद करायचा, हे सगळं त्याच कंटाळवाण्या विषयांत होतं. आणि शेडचा मालक दारात रडत उभा असताना त्याच्याशी बोलायचं कसं, ते मी झोपलो होतो त्या तासाला शिकवलं होतं. २०२२ ला परत तेच, गायीबैलांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या लम्पीची साथ, त्या साथीत राज्यातली पहिली नोंद रावेर तालुक्यात, चिनावलला. शेळ्यांच्या देवीची लस गायीबैलांना का चालते हे गोठ्यागोठ्यात समजावून सांगताना घसा बसला.

दोन्ही वेळा आपल्याच भागात, आणि तीन जिल्ह्यात मिळून एक व्हेटर्नरी कॉलेज नव्हतं. आता सावद्याला मंजूर झालंय, चिनावलच्या बाजूलाच. तुझे पप्पा म्हणतील घराजवळ आहे, तिथेच टाक. घाई करू नकोस. मंजूर होणं वेगळं आणि चालू असणं वेगळं. कॉलेज म्हणजे वर्ग नाही, कॉलेज म्हणजे दवाखाना आणि फार्म. परळचा क्रम सांगितला ना तो यासाठीच. प्रत्येक कॉलेजला टीव्हीसीसी म्हणून शिकाऊ दवाखाना असतो, ऑप्शन भरायच्या आधी तिथल्या सीनियर पोरांना फोन करून एवढंच विचार की रोज सकाळी खोड्यात, म्हणजे तपासायला जनावर अडकवतात त्या चौकटीत, किती जनावरं लागतात, गायी-म्हशी किती, कुत्री-मांजरी किती. मुंबईला कुत्री भरपूर बघशील, परभणी-उदगीरला बैल-म्हशी. तुला कुठे काम करायचंय त्यावरून ठरव, सिटी कुठली भारी त्यावरून नाही. सावद्याला तो दवाखाना जोरात चालला की मग तुझ्या धाकट्या भावाला पाठव तिकडे.

ॲडमिशन नीट परीक्षेच्या मार्कांवर, राज्याचा फॉर्म माफसूचा वेगळा भरावा लागतो. पंधरा टक्के जागा ऑल इंडियातून जातात, तो फॉर्म पण वेगळा. दोन्ही भर. आमच्या शेजारचा एक पोरगा एकच भरून बसला आणि वर्ष गेलं.

आणि हो, रिझल्ट लागेपर्यंत घरी नुसती बसू नकोस. आमच्या दवाखान्यातले व्रणोपचारक, म्हणजे मलमपट्टी करणारे, मामा पुढच्या वर्षी रिटायर होताहेत. माझ्या पहिल्या पोस्टिंगला आडवं आलेलं वासरू मला फिरवता येईना तेव्हा मागे उभं राहून "साहेब, आधी ढकला, मग ओढा" असं हळूच सांगणारा माणूस तो, शेतकऱ्यासमोर माझी लाज राखली त्याने. सोमवारी सकाळी आठला ये, गमबूट तुझे तू आण, आमच्याकडचे तुला मोठे होतील.

तुझा,
डॉक्टर काका