सुरुवात चिंचोक्यांपासून करा

लेकीला घरी खेळातून गणित शिकवायचं, तर पहिला महिना दोनच खेळ पुरेत. दहा चिंचोके मोजा, काही मुठीत लपवा. समोर सहा दिसतात, मग मुठीत किती? हे बोटं न मोजता यायला लागलं की वजाबाकी निम्मी आलीच.

दुसरा सापशिडी. इथल्या नेहमीच्या चुका:

- सोंगटी आपणच सरकवणं. लेकीला मोजू द्या. २४ वर असताना पाच पडले की ती उभ्या घरालाच ‘एक’ म्हणते आणि २८ वर थांबते. लगेच टोकू नका. तुमची सोंगटी सावकाश, मोठ्यानं मोजत चालवा.
- ‘एकोणतीस’ला ३९ दाखवलं म्हणून रागावणं. कानाला ‘तीस’ ऐकू येतं, तिचं काय चुकलं? २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ला ‘वीस एक’ म्हणायची पद्धतही दिली, ती उगाच नव्हे.

पाढे, घड्याळ लावून शर्यत, सगळं नंतर. कंटाळली की डाव मोडा.