पहाटेची आदळआपट

*ताई, सलाम. मी भुसावळची, वय ३८. आमच्या चर्चच्या पाळकीणबाईंनी ईस्टरआधीच्या उपवासकाळात सांगितलं, तेव्हापासून रोज पहाटे उठून देवाचे पाच उपकार वहीत लिहिते. आता चौथी वही चालू आहे. तरी मनाला समाधान म्हणून नाही. बहिणीने नाशिकला फ्लॅट घेतल्यापासून तर स्वतःचं घर डोळ्यांत खुपतं. सर्व स्थितीत उपकारस्तुती करा असं बायबलमध्ये वचन आहे, मला ते जमत नाही. त्यातून पहाटे सासूबाईंची भांड्यांची आदळआपट. नळाचा दिवस असला की विचारूच नका, मनन धड होत नाही. त्या ७१ वर्षांच्या आहेत, त्यांच्या गुडघ्यांसाठीही मी रोज प्रार्थना करते. समाधानी कसं व्हावं?*
*— अस्वस्थ भगिनी*

सलाम बाई.

नाशिकच्या फ्लॅटवर तुम्ही दीड पान लिहिलं होतं, ते इथे छापलेलं नाही. मी एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचणार नाही. मी अडकले ती ‘आदळआपट’ या शब्दाशी.

आपल्याकडचा नळ मला चांगला ठाऊक आहे. रोज येत नाही, आणि येतो तेव्हा आपली झोप झाली का हे विचारून येत नाही. आला की आधी मोटर लावायची, पाइप टाकीत सोडायचा. टाकी भरेतो मोरीतलं टिपाड घासून घ्यायचं. मग पिण्याचं पाणी फडक्यातून गाळून हंड्यात, कळशीत. शेवटी घरात असतील नसतील तेवढ्या बादल्या न्‌ पातेली, कारण पुढचं पाणी चार दिवसांनी की आठ, ते कुणीच सांगत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो, तेव्हा त्यातल्या एकेका तांब्याची किंमत कळते. भरलेली स्टीलची कळशी ओट्यावर टेकवली की आवाज होतो. ती अलगद टेकवायला मनगटात जोर लागतो, तो ७१ व्या वर्षी कुठून आणायचा?

म्हणजे बघा, आतल्या खोलीत तुम्ही ज्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करता, ते गुडघे त्याच वेळी मोरीचा उंबरा चढत-उतरत असतात. मला आधी हसू आलं, मग राग आला. दोन्ही तुमच्यावरच.

चार वह्यांमध्ये ‘पाणी मिळालं’ हा उपकार कितीदा तरी आला असेल. ‘सासूबाईंनी पाणी भरलं’ असं एकदा तरी आहे का, शोधा. सापडलं तर मला कळवा, मी पुढच्या आठवड्यात इथेच तुमची माफी मागेन.

तुम्ही प्रेषित पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पत्रातलं वचन धरून बसलात. मी त्याच्याच फिलिप्पैकरांस पत्राकडे जाते. कुठल्याही स्थितीत संतुष्ट राहायला मी शिकलो आहे, असं पौल म्हणतो ना, चौथ्या अध्यायात, ११ व्या वचनात? आपण तेवढं एक वचन सुंदर अक्षरात लिहून भिंतीला लावतो. त्याच्या मागचं-पुढचं वाचा. माणूस कैदेत आहे. फिलिप्पै शहरातल्या मंडळीने त्याच्या गरजेचं सामान आपल्यातल्याच एपफ्रदीताच्या हातून पाठवलंय, आणि तो एपफ्रदीत या कामात मरता मरता वाचलाय. १० ते १८ ही सगळी वचनं म्हणजे त्या मदतीची पोच आहे. कोणी दिलं, कुणाच्या हातून आलं, आधी थेस्सलनीकात असतानासुद्धा एकदा सोडून दोनदा कसं पाठवलं होतं, सगळं नावगावासकट. संतुष्टतेचं ते गाजलेलं वचन या पोचपावतीच्या मधोमध आहे. पौलाने देवाचे उपकार देवाजवळ मानले आणि माणसांचे माणसांना कळवले. तुम्ही पहिलं मन लावून करता. दुसरं तुमच्या ध्यानातच आलेलं नाही, म्हणून वह्या भरतात आणि तुम्ही रिकाम्याच राहता.

आता ‘सासूबाई, मी तुमची आभारी आहे’ असं जाऊन म्हणू नका. आपल्या घरांत ‘आभार’ हा शब्द स्टेजवर माइक हातात आला की निघतो, आणि तोवर लोक चपला शोधायला लागलेले असतात. त्या घाबरतील. काहीतरी मागायला आली, असंच वाटेल त्यांना.

नळाच्या दिवशी वही उघडायचीच नाही. त्यांच्या आधी उठायचं. मोटर तुम्ही लावायची, टिपाड तुम्ही घासायचं. त्या उठून आल्या की चहाचा कप हातात द्यायचा आणि सांगायचं, ‘आई, इतकी वर्षं तुम्ही भरलं म्हणून मी आत निवांत बसू शकले. आता तुम्ही बसा.’ एवढंच, आणि तोंडावर. त्यांच्या पाठीमागे देवाला नाही. ‘राहू दे वं माय, तुला जमायचं नाही’ असं म्हणतील, पाइप ओढून घ्यायला बघतील. सोडायचा नाही.

आणि हो, बोलण्याच्या नादात मोटर बंद करायची विसरू नका. टाकी वाहून गेली, तर त्या तुमचं पुढचं काही ऐकून घेणार नाहीत.